बंद झालेला गेम आणि आजीचा मोबाईल

दिवाळीच्या आसपास आपल्या बीड जिल्ह्यातले कितीतरी आईबाप ऊसतोडीला जातात. लेकरं आजीपाशी राहतात, आणि घरात एकच मोबाईल. श्रावणबाळच्या पैशांचा मेसेज, बँकेचा ओटीपी, सगळं त्याच्यावरच येतं. त्याच मोबाईलवर लेकरू बंद झालेला गेम शोधतं.

सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पब्जीसह 118 ॲप्सवर बंदी घातली. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर प्ले स्टोअरवरून गेला. मग पोरं एपीके फाईल एकमेकांना पाठवू लागली. फाईल टाकताना मोबाईल इशारा देतो, पण वाचतो कोण? दाबलं की झालं! त्या फाईलमध्ये कुणी काय घुसवलंय हे तपासलेलं नसतं. मेसेज वाचायची परवानगी दिली, की ओटीपीही तिच्या हाती.

2014 मध्ये फ्लॅपी बर्ड हा गेम निर्मात्यानेच काढून घेतला. लगेच त्याची नकली ॲप्स आली. त्यातली काही गुपचूप महागडे एसएमएस पाठवून पैसे उडवायची.

चौथीतल्या एकाने मला विचारलं, "सर, गेम कुणी विकतच नाही, मग चोरी कशी?" मी त्याला म्हणालो, "तू काढलेलं चित्र भिंतीवरून उतरवलंस, तर ते कुणाचं?" "माझंच." थोडं थांबून म्हणाला, "पण मला बघायचं असलं तर?" त्याची ही ओढ मला चुकीची वाटत नाही. म्हणून मी रागावलो नाही.

आज आजीच्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन अज्ञात ॲप्स टाकायची परवानगी कशाकशाला दिलीय ते बघा. व्हॉट्सॲपला दिली असेल, तर लेकराला शेजारी बसवूनच बंद करा.