बोटीवरचा फोन



गेल्या वर्षी आपल्या वडोदऱ्याच्या मंडळातल्या आम्ही सहा जणी सिंगापूर-पेनांग क्रूझला गेलो होतो. सिंगापूरचा रोमिंग पॅक घेतला होता, म्हणून निर्धास्त होतो. किनारा सुटला, रेंज गेली आणि थोड्या वेळाने परत आली. आम्ही खूश! पण ती रेंज बोटीची स्वतःची, उपग्रहावरून चालणारी. देशाचा पॅक तिथे सहसा चालत नाही, दर वेगळे आणि भारी असतात. एकीच्या फोनवरून फोटो आपोआप अपलोड होत राहिले. घरी आल्यावर बिल बघून ती बिचारी रडवेली झाली.

म्हणून जाणाऱ्यांनी एवढं करावं. बंदर सुटायच्या आधी घरी बोलून घ्यावं. बोटीचं नाव आणि केबिन नंबर घरी लिहून द्यावा. मग फोन एरोप्लेन मोडवर टाकावा. त्यातही वाय-फाय वेगळं चालू करता येतं, मात्र बोटीवर त्याचे पैसे पडतात, दर आधी विचारावा. घरी कुणी आजारी असेल तर ते जरूर घ्यावं, तिथे काटकसर नको.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ती रोज सकाळी एकदा वाय-फायवरून त्यांच्याशी बोलायची आणि फोन पर्समध्ये ठेवायची. आम्ही बाकीच्या मात्र काही कारण नसताना सारखा फोन चाचपत होतो! संध्याकाळी डेकवर नामाला बसलो, तेव्हा सगळ्यात शांत तीच होती.

आपणही घरी रोज अर्धा तास असा फोन बाजूला ठेवून बघूया का?