फीड रीडर: सुरुवात फुकटात करा, पैसे नंतर पाहू

अमरावतीच्या अभ्यासिकेत बसणारी मुलगी असो की अकोल्याकडचा कापूस-सोयाबीनचा शेतकरी, सूचना नि बातम्या बहुतेकांना व्हॉट्सॲप ग्रुपवरच मिळतात. म्हणजे कुणी पाठवली तर, आणि त्याला सवड झाली तेव्हा. आरएसएस फीडमध्ये हा मधला माणूस उरत नाही. संकेतस्थळावर नवे काही चढले की शीर्षक आणि दुवा थेट तुमच्या रीडरमध्ये, म्हणजे फीड वाचण्याच्या ॲपमध्ये, येतो.

सुरुवातीला एक रुपयाही मोजू नका. अँड्रॉइडवर ‘फीडर’ हे मुक्तस्रोत ॲप घ्या. त्याला खाते लागत नाही, मोबाइल नंबर द्यावा लागत नाही. याच नावाची पैसे घेणारी सेवाही आहे, म्हणून उतरवताना नीट पाहा. आयफोनवर ‘नेटन्यूजवायर’ आणि संगणकावर ‘थंडरबर्ड’, दोन्ही मोफत.

बीबीसी मराठी, रिझर्व्ह बँक आणि पत्र सूचना कार्यालय (पीआयबी) यांच्या फीड आहेत. वर्डप्रेसवरच्या संकेतस्थळाची फीड हवी असेल, तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहा. बहुतेक वेळा सापडते. नेटपॅक पुरवायचा असेल तर सेटिंगमध्ये फक्त वायफायवर फीड ताज्या होतील असे करून ठेवा.

फोनवर वाचलेले संगणकावरही वाचलेले दिसायला हवे असेल, तर फीडली किंवा इनोरीडरचे मोफत खाते काढा. फीडलीत फुकटात १०० फीड बसतात. रोज नियमाने वाचणाऱ्यालाही तेवढ्या पुरून उरतात.

पैसे मोजण्याचे खरे कारण मला एकच पटते. अनेक संकेतस्थळांना फीडच नसते, आणि अशा पानांवर लक्ष ठेवण्याची सोय फीडली व इनोरीडरच्या सशुल्क योजनांत मिळते. पण तुम्हाला हवे ते पान तिथे खरेच पकडले जाते का, हे आधी तपासा.

नुसती जाहिरातमुक्त, नेटकी सेवा हवी असेल तर मिनिफ्लक्स वर्षाला १५ डॉलर, न्यूजब्लर ३६ डॉलर, फीडबिन महिन्याला ५ डॉलर घेते. डॉलर ९० रुपये धरला तर न्यूजब्लरचे ३,२४० रुपये होतात. कार्डाचे परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के असेल तर आणखी ११३ रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वीसेक रुपये. एकूण सुमारे ३,३७५. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू नसतील तर पैसे जाणारच नाहीत. बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करा आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करा. आपोआप नूतनीकरण नको असेल तर तेही त्याच दिवशी रद्द करा.

रीडर कुठलाही असो, ओपीएमएल फाइल उतरवून ठेवाच. तीत तुमच्या सगळ्या फीडची यादी असते आणि ती दुसऱ्या रीडरमध्ये जशीच्या तशी चढते. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हा अशी यादी घेऊन लोकांना दुसरीकडे जाता आले.

आज पाच फीड घाला, दोन महिने वाचा. फुकटच्या रीडरमध्ये काही अडले, तरच कार्ड काढा.