पिंपळपानाची जाळी

अगं, पिंपळाचं पान वहीत ठेवून महिना झाला तरी जाळी का पडेना, असं विचारलंस ना परवा? मला हसूच आलं, कारण शाळेत असताना मीही हेच करून बसले होते. वहीत पान नुसतं वाळतं, तपकिरी होतं आणि बोट लागलं की चुरा. जाळी पडते ती पाण्यात कुजून. पानातला मऊ गर पाण्यातले जिवाणू खातात. शिरा चिवट, लाकडाच्या जातीच्या, त्या त्यांना लवकर पचत नाहीत, म्हणून मागे उरतात.

तेव्हा आधी पान नीट निवड. चैत्रातली तांबूस पालवी नको, ती सगळीच विरघळते. जून, हिरवंगार, भोक नसलेलं, शेंड्याचं लांब टोक शाबूत असलेलं घे. बादलीत पाणी घेऊन दहा-बारा भिजव, चार धड निघतील. आणि बादली कसली आहे ते घरात सांगून ठेव! माझी पहिली खेप आईने "काय मेलंय यात?" म्हणत मोरीत ओतली होती. वास येतो गं, खोटं कशाला बोलू. तीन-चार दिवसांनी थोडं पाणी बदललं की सुसह्य होतो.

पंधरा-वीस दिवसांनी, कधी महिन्याने, पानाची साल बोटाखाली सरकायला लागते. तोवर हात लावू नकोस. मी एकदा घाई केली, दात घासायच्या ब्रशने खरवडलं आणि टोकच गेलं. पान ताटलीत पाण्याखाली धर, रंगाचा मऊ कुंचला घे आणि मधल्या शिरेकडून कडेकडे हलकेच फिरव. गर हिरव्या साईसारखा निघून येतो. उलटं करून पुन्हा तेच. मग वर्तमानपत्रात ठेवून वर जाड पुस्तक.

धुण्याच्या सोड्यात उकळलं तर काम तासा-दोन तासांत होतं, पण शिरा कडकड मोडतात, मला नाही आवडत ते. करायचंच असेल तर भांडं स्टीलचं घे, ॲल्युमिनियम सोड्याने काळं पडतं.

रंग हवा तर हळदीच्या पाण्यात बुडव. त्यात चिमूटभर चुना टाकलास तर पाणी लालभडक होतं, कुंकू करतात तसंच. पण हळद उन्हात उडते हं. खिडकीत लावू नकोस, वहीतच ठेव. आता खुशाल ठेव.