मळी, बायोटिन आणि ग्लुटामिक आम्ल



गळीत हंगाम सुरू झाला की संकेश्वर, चिकोडी, निपाणी भागातील साखर कारखान्यांच्या आसपास मळीचा वास येऊ लागतो. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणारा हा काळा, दाट पाक. त्यात जवळजवळ निम्मी साखर शिल्लक असते, पण तिचे दाणे पाडणे परवडत नाही. आपल्याकडे मळीपासून मुख्यतः अल्कोहोल बनवतात. जगात तिच्यापासून अमिनो आम्लेही बनवली जातात.

१९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या अर्कातून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले. त्याचा सोडियम क्षार म्हणजेच चायनीजच्या गाडीवरचे अजिनोमोटो. पुढे १९५६ मध्ये किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांना असा जीवाणू सापडला की जो साखर व अमोनिया घेऊन हे आम्ल चक्क पेशीबाहेर टाकतो. त्याचे नाव कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम.

या जीवाणूला बायोटिन हे जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही; ते बाहेरून द्यावे लागते. इथे वर्गात हमखास प्रश्न येतो, "सर, मग बायोटिन भरपूर घातले तर आम्लही भरपूर मिळेल ना?" उत्तर नेमके उलटे आहे! बायोटिन भरपूर असेल तर जीवाणू जोमाने वाढतात, पण आम्ल आतच ठेवतात. ते लिटरमागे २ ते ५ मायक्रोग्रॅम इतके तुटपुंजे ठेवले, तर पेशीपटलासाठी लागणारी मेदाम्ले पुरेशी बनत नाहीत, पटलावर ताण येतो आणि आम्ल बाहेर पडते. ते ज्या दारातून बाहेर पडते, ते प्रथिन २००७ मध्ये ओळखले गेले. निपाणीकडचा शेतकरी तंबाखूचा शेंडा खुडतो, तो पानात कस उतरावा म्हणून. वाढ अडवल्याशिवाय हवे ते मिळत नाही, हे त्याला ठाऊक असते.

आता मळीची अडचण पाहा. उसाच्या मळीत बायोटिन मर्यादेच्या कितीतरी पट असते आणि ते वेगळे काढणे खर्चाचे! म्हणून वाढ चालू असतानाच थोडे पेनिसिलिन घालतात. त्यामुळे पेशीभित्तिका नीट बनत नाही आणि आम्ल पाझरते. पेनिसिलिन फार लवकर घातले तर जीवाणूच पुरेसे होत नाहीत. फार उशिरा घातले तर भित्तिका आधीच पक्की झालेली असते.

बाकीच्या घटकांचेही माप सांभाळावे लागते. प्राणवायू कमी पडला तर लॅक्टिक व सक्सिनिक आम्ल तयार होते. अमोनिया कमी पडला तर काम आधीच्या पायरीवर, अल्फा-कीटोग्लुटारिक आम्लावर अडते.

लायसिनच्या बाबतीत लगाम वेगळा आहे. ज्वारी-मक्यात कमी असणारे हे अमिनो आम्ल याच जीवाणूच्या बदललेल्या वाणापासून मिळवतात. तिथे थ्रिओनिन मोजूनमापून द्यावे लागते, कारण ते जास्त झाले की लायसिन बनणे थांबते.

आता एक प्रश्न. टाकीचा सामू ७ ते ८ च्या दरम्यान ठेवायचा असतो. मग लागणारा सगळा अमोनिया सुरुवातीलाच का ओतत नाहीत? आम्ल-आम्लारींचा धडा पुन्हा वाचून उत्तर वहीत लिहून आणा.