नाचणीचे चॉकलेट डोनट

जव्हार-शहापूरकडची नाचणी बोरिवली-मुलुंडला पीठ म्हणून विकली, तर भाव पिठाचाच मिळतो. तिचा काळपट रंग पावात नजरेला खटकतो. कोकोत मात्र तो खपून जातो.

नाचणीत ग्लूटेन नसते. यीस्ट घातले तरी तिचे पीठ नीट फुगत नाही. म्हणून बेकिंग पावडर वापरावी. 75 ग्रॅम नाचणीचे ताजे पीठ 150 मिलिलिटर कोमट दुधात 20 मिनिटे भिजवावे. ही पायरी गाळली की डोनट दाताखाली कचकचतो. त्यात 60 ग्रॅम दही, 90 ग्रॅम साखर, 40 मिलिलिटर तेल घालावे. 75 ग्रॅम मैदा, 20 ग्रॅम कोको, दीड चमचा बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ चाळून हलकेच मिसळावे, घोटू नये. तेल लावलेले साचे दोन तृतीयांश भरून 180 अंश सेल्सिअसला 12 ते 14 मिनिटे भाजावे. दहा-अकरा डोनट होतात.

विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे. वेष्टनावर 'कॅल्शियमयुक्त' मात्र छापू नये. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते खरे, पण एका डोनटमध्ये नाचणी जेमतेम 7 ग्रॅम येते.