मागे सायकल, तेव्हा सेन्सर नाही असेच समजा

ठाण्याच्या वर्तकनगरात राहणाऱ्याला येऊरला जाण्यासाठी सायकल गाडीवर चढवावी लागत नाही. उपवनपर्यंत पायडल मारले की पुढे चढ सुरूच होतो. पण माळशेज, जव्हार, इगतपुरी अशा ठिकाणी मुलांना घेऊन सायकल चालवायची तर ती मोटारीतून न्यावी लागते, आणि त्यासाठी डिकीला पट्ट्यांनी आवळायचा रॅक हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. रॅक घेताना आपण विचारतो ते प्रश्न ठरलेले असतात: हायवेवर सायकल पडणार नाही ना, पट्टे सैल होणार नाहीत ना, रंगाला ओरखडे येणार नाहीत ना. हे प्रश्न योग्यच आहेत. माझे म्हणणे एवढेच, की खरा धोका हायवेवर नसून सोसायटीच्या आवारात, रिव्हर्स टाकून पायी चालण्याच्या वेगाने गाडी मागे घेताना असतो. मागे सायकल असते तेव्हा पार्किंग सेन्सर जे सांगतो त्यातले काहीच धरून चालता येत नाही, आणि हे वाहन चालवणाऱ्याला फार उशिरा उमगते.

भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या मोटारींना मागचा पार्किंग सेन्सर बंधनकारक आहे. त्यामुळे गेल्या काही वर्षांत गाडी शिकलेली पिढी या आवाजाच्या भरवशावरच गाडी लावायला शिकली. हा सेन्सर मोजतो कसा, ते पाहिले की पुढचे सगळे कळते. बंपरमधली ती छोटी गोल चकती माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडते आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढते. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मीटरवरच्या भिंतीकडून प्रतिध्वनी यायला जेमतेम सहा मिलिसेकंद लागतात. आवाज सोडणारी आणि ऐकणारी चकती एकच असते. आवाज सोडल्यावर ती क्षणभर थरथरत राहते आणि तेवढ्या वेळात तिला काही ऐकू येत नाही. म्हणून बंपरच्या अगदी लगतची, वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतली वस्तू पुष्कळ सेन्सरना नीट सापडत नाही. त्यातून सायकल ही वस्तूच अशी, की तिला सपाट पृष्ठभाग नाही. गोल नळ्या आवाज भलतीकडे फेकतात, स्पोकमधून तो पार निघून जातो. पायडल कुठे थांबले आहे, हँडल कसे वळले आहे, पट्ट्याचे टोक कुठे लोंबते आहे, यावर सेन्सरला सायकल दिसते की नाही हे ठरते. त्याच गाडीवर तीच सायकल लावूनही आज सेन्सर अखंड वाजेल आणि पुढच्या रविवारी गप्प बसेल.

अखंड वाजणारा सेन्सर त्रासदायक असतो, पण तो निदान खोटे बोलतो आहे हे कळते. गप्प बसलेला सेन्सर मात्र घात करतो. त्याला सायकल दिसत नाही आणि सायकलच्या मागची भिंत दिसते. तो भिंतीचे अंतर बंपरपासून मोजून देतो, तेही अगदी बरोबर. पण गाडी आता बंपरपाशी संपत नाही. दोन सायकली टांगल्या की ती अर्धा मीटर तरी मागे वाढते. सेन्सर एक मीटर सांगतो तेव्हा प्रत्यक्षात अर्धाच मीटर उरलेला असतो. सलग सूर बहुतेक गाड्यांत तीसेक सेंटिमीटरला लागतो, आणि तो लागण्याआधीच मागच्या सायकलचे चाक भिंतीला टेकून रॅकचे हूक डिकीच्या पत्र्यात रुतलेले असतात. मागे भिंत असेल तर नुकसान पैशांत मोजता येते. मागे एखादे मूल असेल तर मोजता येत नाही, म्हणून हे इतके सविस्तर लिहावेसे वाटले.

यावर सांगितले जाणारे उपाय मी एकेक तपासून पाहतो. सेन्सर बंद करायचे बटण असेल तर दाबावे, असे म्हणतात. जरूर दाबावे, कारण अर्धवट ऐकण्यापेक्षा न ऐकणे बरे. पण पुष्कळ गाड्यांत असे बटण नसते, आणि असते त्यातल्या काहींत गाडी पुन्हा सुरू केली की सेन्सरही पुन्हा सुरू होतो. चकतीवर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला तर टाळावाच. पट्टीलाच अडथळा समजून सेन्सर वाजू शकतो, आणि घरी आल्यावर ती काढायची राहून गेली तर एरवीचे संरक्षणही जाते. कॅमेरा आहे की, असे काही जण म्हणतात. पण मागचा कॅमेरा बहुधा नंबरप्लेटच्या वरच्या बाजूला असतो, आणि नेमकी तिथेच सायकल येते. पडद्यावर दिसते ती चेन किंवा टायर. अंतर सांगणाऱ्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघाही बंपर धरूनच आखलेल्या असतात. मागे आपोआप ब्रेक लावणारी नवी गाडी असेल तर सायकलीलाच अडथळा समजून ती अचानक थांबू शकते. तिचे मॅन्युअल रॅक लावण्याआधी वाचलेले बरे.

सर्वांत वजनदार आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो: आम्ही पद्मिनी आणि ॲम्बेसेडर सेन्सरशिवाय चालवल्या, कधी अडले नाही. हे खरेच आहे. पण त्यांना मागची काच मोकळी होती, आणि मान वळवून पाहण्याची सवय होती. सायकली टांगल्या की मागची काच झाकते, कॅमेरा झाकतो आणि सेन्सर बिनभरवशाचा होतो, हे तिन्ही एकाच वेळी. युरोपात टो-बारवर बसणारे रॅक मिळतात. त्यांचा १३ पिनांचा प्लग गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये खोचला की मागे काही जोडले आहे हे गाडीला कळते, आणि मग ती काय करते? बहुतेक गाड्या मागचे सेन्सर बंद करतात. म्हणजे चांगल्यातली चांगली सोय असलेल्या गाडीनेही या प्रश्नाचे उत्तर असे दिले आहे, की आता माझ्यावर विसंबू नका. आपल्या पट्ट्यांच्या रॅकला प्लगच नसतो, त्यामुळे हा निर्णय आपण घ्यायचा आहे.

तो वर्तकनगरात कसा अमलात आणायचा? म्हाडाच्या जुन्या इमारतींमधली वाट अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये तिरक्या लावलेल्या स्कूटर, पहाटे दूधवाल्याची आणि पेपरवाल्याची ये-जा. अशा वाटेतून सायकली टांगलेली गाडी मागे घ्यायची वेळच येऊ देऊ नये. आदल्या रात्री रिकामी गाडी रिव्हर्स घेऊन तोंड बाहेर करून लावावी, सेन्सर तेव्हा पूर्ण कामाचा असतो. पहाटे ती सरळ फाटकाबाहेर काढावी, आणि पोखरण रोडच्या रहदारीत नव्हे तर आतल्या एखाद्या मोकळ्या गल्लीत सायकली चढवाव्यात. परततानाही त्या आधी उतरवाव्यात, मग गाडी आत घ्यावी. दहा मिनिटे जास्त जातात आणि दमलेल्या अंगाला ती जड वाटतात, हे मान्य. पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या टॉवरच्या पोडियममध्ये किंवा स्टॅक पार्किंगमध्ये तर दुसरा मार्गच नाही. टपावरचा रॅक घेतला तर सेन्सरचा प्रश्न मिटतो, पण सायकल उभी लावली की दीड मीटरची गाडी अडीच मीटरच्या पुढे जाते. पोडियमच्या तोंडाशी टांगलेली उंचीची पाटी आधी वाचावी.

वाटेत ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर मागे घ्यावीच लागली, तर एकाने खाली उतरावे. त्याने चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल असे उभे राहावे, गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कधीही नाही. “येऊ दे, येऊ दे” हे काच बंद असेल तर ऐकू येत नाही, म्हणून काच खाली करावी, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की विचार न करता ब्रेक दाबावा. बाजूंचेही भान हवे. वॅगनआरची रुंदी १६२० मिलिमीटर, तर मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब. आडवी टांगली की चाक एका तरी बाजूने बाहेर येते, आणि गाडी वळवताना तेच आधी खांबाला लागते. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत असा रॅक निवडावा. नंबर स्पष्ट दिसणे हा १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा भाग आहे. आणि रविवारी संध्याकाळी सायकली उतरवल्यावर रॅकही उतरवून ठेवावा. रिकाम्या रॅकच्या बारीक नळ्या सेन्सरला आणखीच कमी दिसतात, आणि सोमवारी ऑफिसला निघताना त्या मागे आहेत हे कोणाच्याही लक्षात राहत नाही.