हॉटेल रिकामे होते तेव्हा

हॉटेलात काम करणाऱ्या मुलाला पगार विचारला की तो एकच आकडा सांगतो. त्या आकड्यात बेसिक, ओव्हरटाइम, सर्व्हिस चार्ज आणि टिप असे सगळे असते. यातले बेसिक तेवढे ठरलेले. बाकीचे पाहुणे आले तरच.

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, हे उघडे पडले. १५ मार्चला ओमानने पर्यटक व्हिसा थांबवले. २९ मार्चला प्रवासी विमाने बंद झाली, ती १ ऑक्टोबरला सुरू झाली. सलालाचा खरीफसुद्धा पाहुण्यांविना गेला. एप्रिलमध्ये सरकारने कंपन्यांना कामाचे तास घटवून, कामगाराच्या संमतीने तीन महिने पगार कमी करण्याची मुभा दिली. म्हणजे आधी टिप गेली, मग बेसिकलाही कात्री!

वेटर, कुक, हाऊसकीपिंगवाले यांची खोली, जेवण आणि व्हिसा बहुधा मालकाकडूनच. नोकरी गेली की सगळेच जाते. तेव्हा मालकाच्या एनओसीशिवाय दुसरीकडे लागणेही अवघड होते. ती अट १ जानेवारी २०२१ला निघाली. ‘वंदे भारत’च्या विमानाचे तिकीटही ज्याचे त्यानेच काढायचे होते.

यातून शिकायचे काय? सही करण्याआधी बेसिक बघा. ग्रॅच्युइटी त्यावरच मिळते. २०२३च्या कामगार कायद्याप्रमाणे दर वर्षामागे एक महिन्याचे बेसिक. घरी पाठवायचे पैसे टिपेच्या भरवशावर ठरवू नका.

आणि देणगीदारांनो, अडल्या वेळी अशा मुलाला आधी लागतो महिन्याचा किराणा आणि घरचे तिकीट. निधी साथ येण्याआधीच जमलेला बरा.